द्रौपदाबाईंची सुई आणि अठ्ठेचाळीस मिनिटं

दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत, डाळीच्या दुकानावरच्या माडीवर सिस्टर द्रौपदाबाई सपकाळे पहिल्यांदा चढल्या, तेव्हा आतल्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. एवढ्या आजारी माणसाच्या घरातली एवढी शांतता त्यांना आवडली नाही. पडदा सारून पाहिलं, तर कॉटवर एक साठीच्या, हाडकुळ्या बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. तोंडात उशीचं टोक, दातांत घट्ट धरलेलं.

"अक्का, उशी सोडा ती," द्रौपदाबाई म्हणाल्या. "ओरडायचं तर ओरडा. मी काही शेजारीण नाही."

बाईंनी उशी सोडली. मान वळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"वरडीसन काय करू? खाले दुकान शे. गिऱ्हाईक शेतस."

द्रौपदाबाई मोढ्यावर बसता बसता थांबल्या. मारवाडी जैनाच्या घरात, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, आणि तोंडात चक्क त्यांच्या शिंदखेड्याची भाषा.

"तुमले आहिराणी कोनी शिकाडी?"

"शिकाडाले काय लागस? मन्हा बापनं पिंपळनेरले किराणानं दुकान व्हतं. गिऱ्हाईकनी बोली येत नही, तो गूळ काय इकी?" बाईंनी दम घेतला. "तू कोन?"

"नेहेते डॉक्टरांकडची नर्स."

"कोनमधली?"

हा प्रश्न येणारच होता. तो सगळीकडे यायचा, कधी पहिल्या मिनिटाला, कधी चहाच्या वेळेला.

"बौद्ध शे मी, अक्का. पाणी तुमच्या भांड्यातलं पीत नाही, माझी बाटली माझ्याजवळ असते. सुई मात्र माझीच घ्यावी लागेल."

कॉटवरच्या त्या बाईंनी, गुलाबबाईंनी, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जीभ तं सुईपेक्षा लांब शे तुन्ही."

ही गोष्ट एकोणसत्तर सालच्या आषाढातली.

द्रौपदाबाईंची माहिती आधी सांगायला हवी. वडील आधार, सुरत-भुसावळ लायनीवर गँगमन. रूळ बदलताना पाय चिरडला, पायाचं सडलं, आणि अकरा दिवस तो माणूस झोपडीत ओरडत मेला. गावातल्या कंपाउंडरपाशी मॉर्फिनची सुई होती. "तो तसाही जाणार, त्याच्यावर कशाला वाया घालवू," असं तो म्हणाल्याचं बारा वर्षांच्या द्रौपदाने दाराबाहेर उभं राहून ऐकलं. छप्पन साली घराने धम्म घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी ती धुळ्याला नर्सिंगला गेली. लग्न झालं, टिकलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "त्याला स्वयंपाक करणारी पाहिजे होती, मला पगार पाहिजे होता. दोघांना पाहिजे ते मिळालं." चौतिसाव्या वर्षी जळगावात, रेल्वे फाटकापलीकडे एका खोलीत राहून ती डॉक्टर नेहेत्यांच्या दवाखान्यात काम करत होती. दवाखान्यातल्या दोन कुलपांच्या कपाटाची एक किल्ली डॉक्टरांकडे असे, दुसरी तिच्याकडे. मॉर्फिन त्या कपाटात राहायचं.

गुलाबबाईंना छातीचा कॅन्सर. मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, वर्षभर बरं गेलं, मग हाडांत उतरला. कंबर आणि उजवा खुबा. मुंबईवाल्यांनी सांगितलं, घरी न्या. घरी म्हणजे मुलगा फुलचंद, सून धनकुंवर, आणि खाली डाळीचं दुकान.

डॉक्टर नेहेत्यांनी मॉर्फिनचं मिक्श्चर लिहून दिलं, तेव्हा फुलचंदने कागद घडी करून परत दिला.

"डॉक्टरसाहेब, हे अमलच ना? अफू?"

"अफूतूनच काढतात."

"मग नको."

"का हो?"

फुलचंद हळू बोलणारा माणूस. दुकानातही भाव एकदाच सांगायचा. "आमचे आजोबा घेवरचंदजी. मारवाडात पाहुणा आला की तळहातावर अमल धरायची रीत. लग्नात अमल, मयतीत अमल, भांडण मिटलं तरी अमल. आजोबा इकडे आले ते डबी घेऊनच. शेवटच्या वर्षी त्यांनी मला ओळखलं नाही, माझ्या बापाला ओळखलं नाही. डबी मात्र अंधारात ओळखायचे. बाईला मी तसं बघणार नाही."

मारवाड्यांच्या कितीतरी घरांत आईला बाई म्हणतात, तसं फुलचंदही म्हणायचा. द्रौपदाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. डॉक्टरांच्या समोर नर्सने बोलायचं नसतं, हे त्यांना बारा वर्षं माहीत होतं आणि बारा वर्षं जमलेलं नव्हतं.

"फुलचंदभाऊ, बाईंना विचारलं का, त्यांना काय पाहिजे?"

"काय पाहिजे म्हणजे? दुखणं थांबायला पाहिजे."

"चला, विचारू."

विचारलं. गुलाबबाईंनी दुखणं थांबव असं म्हटलंच नाही.

"माले सामायिक करनी शे," त्या म्हणाल्या.

सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावर बसायचं, तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधायची, समोर काचेची वाळूची घडी ठेवायची, आणि वाळू संपेपर्यंत संसाराचं काहीही करायचं नाही. मन जागं ठेवून बसायचं. गुलाबबाईंनी चाळीस वर्षं ती एक दिवस चुकवली नव्हती. आता पाच महिने झाले, त्यांना पाच मिनिटं बसता येत नव्हतं.

"भादव्यात संवत्सरी," त्या मुलाला म्हणाल्या. "त्या दिवशी मला स्थानकात बसून एक सामायिक करायची आहे. सगळ्या बायांत. पडून नाही, टेकून नाही. आणि डुलक्या घेत तर नाहीच. झोपली तर ती सामायिक नव्हे, ते दुपारचं लोळणं."

संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, स्थानक म्हणजे त्यांच्या पंथाची, मूर्ती नसलेली, धर्मसाधनेची वास्तू. डॉक्टरांनी द्रौपदाबाईंकडे पाहिलं, द्रौपदाबाईंनी डॉक्टरांकडे. दुखणं मारायचं आणि माणूस जागा ठेवायचा. औषध कमी पडलं तर बाई बसणार नाही, जास्त झालं तर बाई झोपेल. या दोहोंमध्ये जेवढी जागा होती, तेवढ्यात अठ्ठेचाळीस मिनिटं बसवायची होती. हातात दोन महिने.

"बघा, भाऊ," द्रौपदाबाई फुलचंदला म्हणाल्या, "तुमचे आजोबा अमलासाठी दिवस काढायचे. तुमची आई दिवसासाठी औषध मागते. मला हा फरक मोठा वाटतो. तुम्हाला?"

फुलचंदने कागदाची घडी उलगडली.

*

मिक्श्चर चार-चार तासांनी एक चमचा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, पहाटे दोन. दिवसाचे चमचे बघायला द्रौपदाबाई येऊन जायच्या, रात्रीचे दोन धनकुंवरने द्यायचे.

पहिले तीन दिवस उलट्या. त्या थांबल्या, तर पोट बंद.

"चार दिवस झाले," धनकुंवर पदराआडून म्हणाली.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"असलं कसं सांगणार?"

"मॉर्फिन सगळ्यांनाच हे करतं, वहिनी. जो हे औषध देतो त्याने दुसऱ्या हातात सोनामुखी धरायची. आजपासून रोज रात्री…" द्रौपदाबाई थांबल्या, कारण सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. "काय?"

"काही नाही. दिवसाच देते," धनकुंवर म्हणाली.

तिथेच विचारायला हवं होतं. द्रौपदाबाईंनी विचारलं नाही. नंतर त्या हे प्रत्येकाला सांगायच्या, स्वतःहून.

दुखणं मोजायचं कसं, हाही प्रश्न होता. "जास्त दुखतं की कमी?" असं विचारलं की गुलाबबाई म्हणायच्या, "दुखस." शेवटी किराण्याच्या दुकानदाराच्या लेकीला तिच्याच मापात विचारलं.

"अक्का, आज कितलं? चिमूट, मूठ, ओंजळ, पायली, का पोतं?"

गुलाबबाईंनी विचार केला. "पायली. वर थोडं शीग."

ते वहीत गेलं. डॉक्टर नेहेत्यांनी वही उघडली. "सिस्टर, 'दहा वाजता ओंजळ, दोन वाजता मूठ' हे काय आहे? पेशंट आहे का भुसार?"

"वाचा तर, साहेब. कळतंय का?"

डॉक्टरांनी वाचलं. सगळं कळत होतं. औषध लागू पडत होतं. दुपारी मूठ, संध्याकाळी मूठ, एका दिवशी तर चिमूट. गुलाबबाई उशीला टेकून बसायला लागल्या, सुनेला डाळ निवडण्यावरून बोलायला लागल्या. मग बिनटेकूच्या, आसनावर. घडी उलटवून ठेवायची आणि बघायचं. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं. आठवड्याने एकोणीस.

समोरच्या घरातल्या पानबाई हे सगळं बघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आल्या.

"नर्सबाई, माझी कंबर फार धरते हो. एक चमचा मलाही द्या."

"नाही."

"एवढी बाटली भरलेली आहे."

"ती मोजून भरलेली आहे. तुमच्या कंबरेला शेक द्या, वजन उचलू नका. हे औषध खायला लागलात, तर कंबर राहील बाजूला आणि वाटी घेऊन रोज याल. गुलाबबाईंच्या दुखण्याला दुसरा इलाज उरला नाही म्हणून त्यांना दिलंय. तुमच्याजवळ अजून दहा इलाज आहेत."

"गरिबाला नाही म्हणताय."

"पानबाई, गळ्यात तीन तोळे घालून गरीब कसल्या?"

पानबाई वाटी घेऊन गेल्या. त्या दिवसापासून बाटली कुलपात गेली, किल्ली धनकुंवरच्या कमरेला.

एकच गोष्ट वहीत जुळत नव्हती. सकाळी सहाला रोज पोतं. रोज. दिवसभर मूठ आणि उजाडता पोतं. रात्रीचे दोन चमचे कमी पडताहेत, असं डॉक्टरांनी धरलं आणि डोस दीडपट केला. द्रौपदाबाईंनाही ते पटलं. वही तसंच सांगत होती.

*

डोस वाढवला त्या दिवशी संध्याकाळी सातला दुकानातला गडी सायकल हाणत रेल्वे फाटकापलीकडे आला. "बाई उठत नाहीत."

द्रौपदाबाई त्याच सायकलच्या दांड्यावर बसून आल्या. गुलाबबाई उताण्या पडलेल्या, चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत न दिसलेला निवांतपणा. ओठ निळसर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. द्रौपदाबाईंनी छातीवर हात ठेवून मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मिनिटाला पाच श्वास. पाचवा अर्धवट.

"काय दिलं?"

धनकुंवरने बाटली पुढे केली. "सहाचाच चमचा. मी किल्ली काढून बाटली दिली, दूध तापत होतं म्हणून आत गेले. परत आले तर बाटली…"

बाटलीत तीन चमचे कमी होते. वाढवलेले तीन.

"डॉक्टरांना निरोप पाठवा. उताऱ्याचं इंजेक्शन घेऊन या म्हणावं."

"ते भुसावळला गेलेत, साडेआठच्या आत येत नाहीत," फुलचंद म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मग तोवर मी आहे. धरा, बसतं करा."

मॉर्फिन जास्त झालं की माणूस श्वास घ्यायला विसरतो. पण एक गंमत आहे, आणि द्रौपदाबाईंना ती माहीत होती. त्याला कुणी सांगितलं, तर तो घेतो.

"अक्का, दम ले."

छाती वर आली, खाली गेली.

"ले. आखो ले. गुलाबअक्का, निजू नको. दम ले."

मग थांबायची सोय नव्हती. दर पाच सेकंदांनी एकदा. द्रौपदाबाईंनी तिचे गाल थोपटले, कानाची पाळी चिमटली, छातीच्या हाडावर मूठ घासली आणि सांगत राहिल्या. मध्ये त्या पाणी प्यायला थांबल्या, तर छातीही थांबली. "भाऊ, तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. फुलचंदने तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या बाईने त्याला सांगितलं, बस, ऊठ, जेव, तिला तो हुकूम कसा करणार?

"सांगा. जोरात. दुकानातल्यासारखं नको."

"बाई, श्वास घ्या," तो म्हणाला. "बाई. घ्या."

त्यांनी घेतला.

जवळजवळ दीड तास ते तिघं आळीपाळीने सांगत होते. धनकुंवरने मध्येच स्वतःच्या पेल्यातलं पाणी द्रौपदाबाईंच्या तोंडाला लावलं. तो पेला कुणाचा, हे त्या वेळी दोघींच्याही लक्षात आलं नाही. पावणेनऊला डॉक्टर धापा टाकत वर चढले आणि उताऱ्याची सुई टोचली गेली. थोड्या वेळाने गुलाबबाईंनी डोळे उघडले, समोरचा घसा बसलेला चेहरा बघितला आणि म्हणाल्या,

"इतलं कसाले वरडस, माय? खाले गिऱ्हाईक शेतस."

"बठ्ठं एकदम पी लिधं? कसाले, अक्का?"

"दिन बुडी जाता ना," गुलाबबाई म्हणाल्या, जणू विचारायचंच काय त्यात.

सगळं एका वाक्यात उलगडलं. सूर्य मावळला की या बाईच्या ओठांतून काही आत जात नव्हतं. अन्न नाही, पाणी नाही, औषधही नाही. चौविहार. लग्न झाल्यापासूनचा. म्हणजे रात्री दहा आणि पहाटे दोनचा चमचा एकदाही दिला गेला नव्हता, मोजून मोरीत ओतला जात होता. सुनेला शपथ घालून सांगितलेलं, नर्सला कळू द्यायचं नाही, ती रागावेल. बाई सगळी रात्र उशी चावून काढत होती, म्हणून सकाळी पोतं. पोतं म्हणून डोस वाढला. आणि डोस वाढल्यावर बाईने हिशेबी डोक्याने ठरवलं, की रात्रीचे दोन चमचे नाहीतरी वाया जातात, तर सूर्य आहे तोवर घेऊन टाकावे.

*

"बस," दुसऱ्या दिवशी फुलचंद म्हणाला. "आता बंद."

डॉक्टर नेहेत्यांना लायसन्सची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती.

"चूक औषधाने केली नाही," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मी केली. या काय खातात, किती खातात, सगळं विचारलं. कधी खातात, ते विचारलं नाही. माझं घड्याळ चोवीस तासांचं, यांचं सूर्याचं. माझंच यांच्यावर लादलं."

"काल ती गेली असती."

"गेली असती. हे औषध तसंच आहे, भाऊ. ते मी लपवत नाही. शरीराला याची सवय होते, तीही होईल. एकदम तोडलं तर घाम फुटेल, जुलाब होतील, म्हणून एकदम तोडायचंही नाही. विस्तव आहे हा. पण विस्तवाने एकदा हात भाजला म्हणून तुम्ही चूल मोडता का?"

"मग रात्रीचं काय? व्रत मोडायला सांगणार बाईला?"

"सुई तोंडातून जात नाही."

धनकुंवर उठली, पदर सारखा केला आणि चातुर्मासासाठी स्थानकात उतरलेल्या सतीजींना, म्हणजे साध्वींना, विचारायला गेली. अर्ध्या तासाने परत आली.

"सतीजी म्हणाल्या, तोंडाने घेतो तो आहार. औषधाचा निर्णय आम्ही देत नाही. व्रत जिचं, तिच्या मनाला विचारा."

सगळे कॉटकडे वळले. गुलाबबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"मन्हं मन म्हनस," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "की ही पोरगी रातले आठेच निजाले ये. सुनले सुई टोचता येत नही."

तेव्हापासून दिवसा मिक्श्चर, मावळल्यावर सुई. सुईतून जाणारं औषध तोंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच पुरतं, त्यामुळे सगळं नव्याने बसवावं लागलं. द्रौपदाबाई रात्री त्याच खोलीत सतरंजी टाकून झोपायच्या. स्टीलच्या डबीत उकळलेली काचेची सिरिंज, स्पिरिटचा दिवा, वही. टोचायच्या आधी प्रत्येक वेळी मिनिटभर श्वास मोजायचा. बारापेक्षा कमी असेल तर सुई नाही, मग बाई कितीही म्हणो. तीन दिवसांत सकाळचं पोतं ओंजळीवर आलं.

मग तालीम सुरू झाली. दुसरा शब्द नाही त्याला. संवत्सरीला उपवास, चमचा चालणार नाही, म्हणून तालीम सकाळच्या चमच्याऐवजी सुईवर. सुई दिल्यावर पहिला तासभर गुलाबबाईंच्या पापण्या जड व्हायच्या. त्यानंतर गुंगी उतरायची, पण दुखणं दबलेलंच राहायचं, साधारण दोन तास. म्हणजे सामायिक त्या दोन तासांत बसायला हवी. सुई सकाळी सातला दिली, आठला बसवलं. एकवीस मिनिटांनी डुलकी. सुई साडेसहाला दिली. तेहतीस मिनिटं, मग खुब्यात कळ. मात्रा किंचित वाढवली. चाळीस मिनिटं, पण चार वेळा डोळे मिटले.

"मिटले नव्हते. ध्यान करत होते," गुलाबबाई म्हणाल्या.

"घोरत ध्यान?"

"तुम्हा लोकांचे भगवान पण डोळे मिटूनच बसतात."

"बसतात. घोरत नाहीत, अक्का."

वाढवलेल्यातलं अर्धं कमी केलं, वेळ अर्धा तास पुढे ढकलली, आसनाखाली उजव्या बाजूला घडी केलेली गोधडी घातली. श्रावण संपता संपता घरातल्या घरात एक सामायिक पूर्ण झाली. शेवटची वाळू पडली तेव्हा फुलचंद जिन्यात उभा होता. तो खाली गेला आणि एका गिऱ्हाइकाला त्याने पायलीमागे ओंजळभर डाळ जास्त घातली, असं गडी सांगत होता.

पुढचं एक आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. गुलाबबाई कार्तिकात गेल्या, आपल्या कॉटवर, उशी डोक्याखाली असताना. उरलेलं औषध द्रौपदाबाईंनी घरातल्या सगळ्यांसमोर मोरीत ओतलं आणि रिकाम्या बाटल्या दवाखान्यात परत नेल्या. पानबाई बघत होत्या. पुढे पंच्याहत्तरपर्यंत डॉक्टर नेहेत्यांनी जळगाव, असोदा, थेट शिंदखेड्यापर्यंत असे चाळीसेक पेशंट द्रौपदाबाईंच्या हाती सोपवले. कुणाचा रोजा असे, कुणाचा सोमवार, कुणी केळीच्या बागेला पाणी द्यायला रात्रीचा जागणारा. त्या आधी त्यांचा दिवस लिहून घ्यायच्या, मग डोस. नव्या नर्सा हसायच्या. नंतर लिहून घ्यायच्या.

*

संवत्सरीला सकाळपासून उपवास. दिवस मावळेपर्यंत फक्त उकळलेलं पाणी, तेव्हा मिक्श्चरचा प्रश्नच नव्हता. सकाळी साडेसातला सुई. श्वास चौदा. पावणेनऊला फुलचंद आणि गड्याने गुलाबबाईंना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून स्थानकाच्या दारापर्यंत नेली. तिथे त्यांनी खुर्ची थांबवली.

"उतरवा."

"बाई, आत आसनापर्यंत…"

"उतरवा म्हटलं. सामायिकेला आलेय, वरातीला नाही."

दारापासून आसनापर्यंत अठरा पावलं. एका हाताला धनकुंवर, दुसऱ्या हाताला कुणी नाही. दोन-अडीचशे बायका, पांढऱ्या मुहपत्त्यांवरचे डोळे सगळे इकडेच. खरं तर निम्म्या जणींनी तिला जिवंत धरलेलंच नव्हतं. एक जण दुसरीला म्हणाली, "या गेल्या ना श्रावणात?" गुलाबबाईंनी ऐकलं आणि तिच्याकडे मान हलवली, आले आहे अशी.

द्रौपदाबाई बाहेरच्या पायरीवर बसल्या, डबी मांडीवर. आत बोलावलं होतं, पण त्यांना तिथून वाळूची घडी आणि गुलाबबाईंचा चेहरा दोन्ही दिसत होतं, आणि त्यांना तेवढंच बघायचं होतं. फुलचंद पुरुषांच्या बाजूला गेला नाही. पायरीवरच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला.

घडी उलटली.

दहा मिनिटं. पाठ सरळ. वीस. उजवा गुडघा किंचित हलला, मग स्थिर झाला. पंचवीसच्या सुमाराला पापण्या खाली आल्या. द्रौपदाबाईंनी डबी घट्ट धरली. पापण्या वर गेल्या नाहीत.

"झोपली," फुलचंद पुटपुटला.

"थांबा."

आत पानबाई पाठ म्हणत होत्या, बाकीच्या मागून म्हणत होत्या. उपवासाची दुपार जवळ येत चाललेली, आवाज एकसुरी, निम्म्या बायका नुसत्या हुंकार देत होत्या. पानबाईंनी एक ओळ संपवली आणि पुढची म्हणायला घेतली.

"पानबाई," मागून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. डोळे मिटलेलेच. "एक ओळ राहिली. मागे जा."

पानबाई थांबल्या. अडीचशे बायका थांबल्या. पानबाईंनी मनात ओळी मोजल्या, आणि गुमान मागे गेल्या. राहिलेली ओळ म्हणाल्या. त्या ओळीला मात्र सगळ्या बायकांचा आवाज लागला, हुंकार देणाऱ्यांचासुद्धा.

पायरीवर फुलचंदने चेहऱ्यावरून हात फिरवला. "सगळ्या जाग्या बसल्या होत्या," तो म्हणाला, "आणि चूक कुणी पकडली?"

द्रौपदाबाईंनी डबीवरची पकड सैल केली आणि पुन्हा वाळूकडे पाहिलं.

अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. शेवटची वाळू पडली. गुलाबबाई लगेच उठल्या नाहीत, कारण आता बायका त्यांच्याकडे येत होत्या. संवत्सरीला वर्षभराच्या दुखावलेल्या मनांची माफी मागायची असते. एकेक जण वाकत होती, हात जोडत होती, गुलाबबाई प्रत्येकीला हात जोडत होत्या. काहींशी दोन वाक्यं, एकीशी बराच वेळ. तिच्याशी बारा वर्षं बोलणं नव्हतं म्हणे.

साडेदहा झाले. अकरा. कळ परतायची वेळ झाली होती. द्रौपदाबाईंनी दिवा पेटवला, सिरिंज तयार केली आणि दारात जाऊन धनकुंवरला खूण केली. धनकुंवर वाकून सासूच्या कानाशी लागली.

गुलाबबाईंच्या कपाळावर घाम दिसत होता. ओठ आवळलेले. दुखायला लागलं होतं, आणि चिमूटभर नव्हे. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग पाठीमागच्या रांगेकडे पाहिलं. अजून सहा जणी उभ्या होत्या.

त्यांनी द्रौपदाबाईंना हाताने जवळ बोलावलं. चपला काढून द्रौपदाबाई आत आल्या, अडीचशे बायांच्या मधून, आणि आसनाशी गुडघ्यांवर बसल्या. गुलाबबाईंनी त्यांच्यासमोरही हात जोडले.

"पहिला दिन तुले जात इचारी," त्या म्हणाल्या. "ते चुकनं मन्हं."

"रात्रीचं मी विचारलं नाही, ते माझं चुकलं. फिट्टंफाट आपली." द्रौपदाबाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. "चल आते, अक्का. सुईनी वेळ व्हयनी."

"सहा जणी राहिल्यात."

"दुखतंय तुम्हाला."

"दुखस ना. बठ्ठं दुखस." गुलाबबाईंनी पाठ पुन्हा सरळ केली. "तुन्ही सुईले सांग, जराशी थांब म्हना. आज तिना आधी मन्हं काम शे."

दारात फुलचंद उभा होता. त्याने ते ऐकलं. तो वळला, पायरीवरच्या स्पिरिटच्या दिव्यावर डबीचं झाकण ठेवून त्याने तो विझवला, आणि पुढच्या बाईला आत जायला वाट करून दिली.